आईबद्दल बोलायला उभं राहताना राग आला तर?

प्रश्न: ताई, माझं वय चाळीस. माहेर औसा तालुक्यातलं, सध्या पुण्यात असते. गेल्या वर्षी आई गेली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. गावातल्या बचत गटाच्या बाया त्याच दिवशी समाजमंदिरात आईची आठवणसभा ठेवतायत आणि लेक म्हणून मी दहा मिनिटं बोलावं असा त्यांचा आग्रह आहे. १९९३ च्या भूकंपानंतर आई ‘संवाद सहायक’ म्हणून, म्हणजे घरदुरुस्तीची माहिती लोकांना समजावून सांगायला, गावोगाव फिरली, बचत गट उभे केले. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तर तिकडंही गेली. तेव्हा माझी दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. पहाटे उठून मी वडिलांच्या आणि दादाच्या भाकरी थापायची, मग अभ्यासाला बसायची. गणिताच्या पेपरलाही हाताला पिठाचा वास येत होता. दादानं सभेसाठी मजकूर लिहून दिलाय: ‘त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, सर्वांची माउली’. मला तो वाचवत नाही. ती सगळ्यांची माउली होती, मग माझ्या वाट्याला किती आली? आत्या म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये. तब्येतीचं कारण सांगून जाणंच टाळू का?
– आईची लेक

उत्तर:

तब्येतीचं कारण सांगू नकोस गं. जा आणि बोल. फक्त दादाचा कागद वाचू नकोस.

दादानं तो मनापासूनच लिहिला असणार. पण ‘त्यागमूर्ती’ हा शब्द कुणाच्याही आईच्या फोटोखाली खपतो. माझी आई गेली तेव्हा तेराव्याला मी असलेच शब्द बोलले होते. सगळ्यांनी डोळे पुसले, चुलतभावानं पाठीवर हात ठेवला. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा लक्षात आलं की चष्मा कपाळावर चढवून, डोळे बारीक करून ती सुईत दोरा ओवायची, त्याबद्दल मी एक अक्षरही बोलले नव्हते. तिचं सगळं आयुष्य त्या शिवणाच्या मशीनवर गेलं होतं. पुन्हा तशी वेळ आली नाही. ते अजून सलतं, म्हणून तुला इतक्या ठामपणे सांगते आहे.

तुझ्या लांबलचक पत्रातला एक प्रसंग इथं वर छापायला जागा नव्हती, पण मी तो सोडणार नाही. आई पहिल्यांदा तुझ्या पुण्याच्या फ्लॅटवर आली. तू पाण्याचा तांब्या पुढं केलास. तिनं तो घेतलाच नाही. आधी हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केली, कान लावला आणि विचारलं, “कॉलम कुठंय?” मग दुसऱ्या खोलीत गेली, तिथंही टकटक. तुला तेव्हा चीड आली होती, नव्या घरात आल्या आल्या हे काय, म्हणून. भाषणाची सुरुवात इथून कर. समाजमंदिरातल्या बायांना पुढचं सांगावं लागणार नाही. त्यातल्या निम्म्या जणी घरी जाऊन तेच करत असतील.

पण सभेला नातवंडं असतील, भूकंपानंतर जन्मलेली पोरं असतील. त्यांच्यासाठी सांग की तिला ही टकटक लागली कुठून. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला आले होते. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. आपल्याकडची जुनी घरं तुला माहीतच आहेत. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी माळवद, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. पाऊस गळला की आणखी माती टाकायची. पण भिंतीचे आतले दगड आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसायचे. हादरा बसला तशी भिंत मधून फाटली आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली.

किल्लारी, सास्तूर अशी गावं नव्यानं वसवली गेली. पण शेकडो गावं अशी होती की घरं उभी होती, फक्त चिरफाळलेली. तुमचं गाव त्यातलंच. ती घरं दुरुस्त करून भक्कम करायची, घरमालकानं स्वतः काम करून घ्यायचं आणि सरकारनं हप्त्याहप्त्यानं पैसे द्यायचे, अशी योजना जागतिक बँकेच्या मदतीनं आली. दगडाची एवढी धास्ती बसली होती की लोक आपल्याच घरात झोपायला तयार नव्हते. माळवद हलकं करा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, कोपरे बांधून घ्या, हे त्यांना सांगणार कोण? कागद घेऊन आलेल्या साहेबाचं कुणी ऐकेना. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेनं महिला मंडळांतल्या बाया या कामाला लावल्या. तुझी आई त्यातली एक.

ज्या गावांत सुना पारासमोरून जाताना चपला हातात घ्यायच्या, त्या गावांत पदर डोक्यावर ठेवून एक बाई इंजिनिअरला विचारते की वाळूत एवढी माती कशी? हे धाडस किती मोठं होतं ते मला शब्दांत मावत नाही. तुझ्या पत्रात तू हे एका ओळीत उरकलंस, ‘आई गावोगाव फिरली’. भाषणात उरकू नकोस.

आता तुझ्या रागाकडं येते. तो खरा आहे, आणि मला तो योग्यही वाटतो. दहावीच्या पोरीला ऐन परीक्षेच्या तोंडावर घर सोपवून आई दोन महिने निघून गेली. त्या दोन महिन्यांपुरतं ती तुझ्या बाबतीत चुकली. तिच्याविषयी मला कितीही आदर वाटला तरी हे मी झाकणार नाही. दुसऱ्या बाजूनं हेही तितकंच खरं, की २६ जानेवारी २००१ ला भचाऊ, अंजार, भुजकडची घरं कोसळली तेव्हा तिथल्या बायांना तुझी परीक्षा संपेपर्यंत थांबायला सांगता येत नव्हतं. लातूर-उस्मानाबादकडच्या बाया तिथं गेल्या, कारण ‘आमचंही असंच झालं होतं, बघा, आम्ही उभ्या आहोत’ हे वाक्य बोलायचा अधिकार फक्त त्यांच्याकडं होता. ही दोन्ही सत्यं एकमेकांना कापत नाहीत. दोन्ही सांभाळायला जड जातं, एवढंच.

पण तुझं पत्र वाचताना मी एका जागी अडखळले. आई गेली, तू पहाटे उठलीस, वडिलांच्या आणि दादाच्या भाकरी थापल्यास. वडील घरात होते. दादा अठरा वर्षांचा होता. दोन धडधाकट पुरुष ताटावर बसले होते आणि दहावीची मुलगी चुलीपुढं होती. पंचवीस वर्षं तू एकच प्रश्न विचारते आहेस, आई का गेली? बाबांनी पीठ का मळलं नाही, हे तुझ्या अख्ख्या पत्रात कुठंच नाही. पोरी, रागाचा पत्ता एकदा तपासून बघ. घरातली बाई बाहेर पडली की तिचं काम घरातली पुढची बाई उचलते, मग ती पंधरा वर्षांची का असेना, आणि हिशोब मात्र बाहेर पडलेलीच्या नावावर चढतो. हे बायांच्या कितीतरी कामाबाबत झालंय, आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो. सगळा राग आईच्या नावावरून उतरव असं मी म्हणत नाही. तिचा वाटा तिच्याकडं राहू दे. बाकीचा ज्याचा त्याला दे. वडील हयात आहेत की नाहीत ते तू लिहिलं नाहीस. दादा तर आहेच. सभेत नको, पण सभेआधी किंवा नंतर, त्याच्याशी एकदा शांतपणे बोल.

आणि सभेत? तिथं एकच वाक्य बोल: “आई कच्छला गेली तेव्हा माझी दहावी होती आणि घरच्या भाकरी मी केल्या.” पुढं ना तक्रार, ना माफी. हे वावगं कसं होईल? ते कामच आहे, आईच्या कामाचा एक भाग, आणि तो तू केलास. आत्याला काही वाटलं तर वाटू दे. समोरच्या बाया मान हलवतील बघ, कारण त्यांच्या मुलींनीही कधी ना कधी तेच केलंय, आणि तसं आजवर त्यांना कुणी माईकवरून सांगितलेलं नाही.

दहा मिनिटं फार झाली, पाचात आटप. टकटक, भूकंपाची पहाट, इंजिनिअरची वाळू, कच्छ, तुझ्या भाकरी. ‘दैवी’, ‘महान’ हे शब्द कागदावर आलेच तर खोडून टाक. मध्येच आवाज फुटला तर थांब, पाणी पी, घाई करू नकोस. गावातली माणसं थांबतात. दादाचा मजकूर वाया घालवायचा नसेल तर तो फोटोशेजारच्या फलकावर लावू दे. त्याचंही दुःख आहेच, त्याला त्याचे शब्द सापडलेत.

शेवटचं म्हणजे, सभेच्या दिवशी सकाळी पोहोचू नकोस, दोन दिवस आधी जा. आईबरोबर कच्छला गेलेल्या तीन जणींपैकी एक काकू अजून गावातच आहेत, असं तू ओझरतं लिहिलंयस. त्यांच्याकडं जा. रात्री तंबूत झोपताना आई तुझं नाव काढायची का, हे त्यांना विचार. त्या कदाचित ‘हो’ म्हणतील, कदाचित ‘आठवत नाही बाई’ म्हणतील. काहीही म्हणाल्या तरी उठू नकोस, बसून राहा. तिथं बायांनी काय खाल्लं, थंडीत काय पांघरलं, आई कुणाशी भांडली, कशावर हसली, सगळं विचारून घे. तुझ्या आईचे ते दोन महिने तू कधी पाहिलेच नाहीस, आणि ते सांगू शकणारं माणूस आता सत्तरी ओलांडून बसलंय. वही घेऊन जा. आणि त्या जेवायला थांब म्हणाल्या तर थांब, भाकरी त्यांना करू दे.