एचओ (1:87 प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेच्या) रुळांवर पसरलेली खडी गोंद टाकताच गोळा होऊन वाहते. काय चुकतं?

चूक गोंदाची नाही, खडी कोरडी राहिली आहे. कोरड्या बारीक खडीवर थेंब पडला की पृष्ठताणामुळे तो गोळा होतो आणि कण सोबत ओढतो, म्हणून खड्डे पडतात.

आधी मऊ ब्रशने खडी स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) माथ्याखाली बसवा. मग पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समप्रमाणात घेऊन वरून धुक्यासारखं फवारा. स्प्रे जवळ नेलात तर खडी उडेल. पूर्ण ओली झाल्यावरच फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद एक भाग, पाणी दोन भाग, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, हे ड्रॉपरने रुळांच्या मधोमध सोडा. ते आपोआप पसरतं. रात्रभर हात लावू नका. रुळांचे माथे मात्र लगेच पुसा, नाहीतर इंजिनाला वीज मिळणार नाही.

गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांच्या हलत्या पात्यांपाशी गोंद अजिबात नको; तिथे पाती एकदा चिकटली की सोडवताना मोडतात.

कणांचा आकारही बघा. भारतीय रेल्वेची खडी साधारण 20 ते 65 मिमी, म्हणजे 1:87 मध्ये पाऊण मिलिमीटरच्या आतच. बाजारातली बरीच खडी याहून जाड असते आणि रूळ खेळण्यासारखे दिसतात. घाटातला मार्ग करत असाल तर काळसर बेसॉल्टचा रंगच घ्या.