एमबीबीएसनंतर हव्या त्या शाखेत निवासी डॉक्टरची जागा कशी मिळवावी?

आपण बांबोळीला एमबीबीएसच्या अंतिम वर्षात आहात. पदव्युत्तर जागेची तयारी आतापासून कशी करावी, आणि गुणवत्ताक्रमांक मध्यम आला तर मनासारखी शाखा मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी गोमेकॉतच (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच) शिकलो, मेडिसिनमधील एमडी गोव्याबाहेर केली, आणि गेली काही वर्षे आंतरवासिता (एमबीबीएसनंतरचे इस्पितळातील प्रशिक्षणाचे वर्ष) करणाऱ्या मुलामुलींना पसंतीक्रम भरताना पाहतो आहे. त्यामुळे सगळेजण जो भाग शेवटच्या रात्रीवर ढकलतात, त्या पसंतीक्रमापासूनच सुरुवात करतो.

नीट पीजी ही पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आपल्याला केवळ क्रमांक देते. जागा मिळते ती समुपदेशनाच्या (जागावाटपाच्या प्रक्रियेच्या) फेऱ्यांत, आपण भरलेल्या यादीप्रमाणे. संगणक पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारापासून सुरुवात करतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, जी पहिली शिल्लक जागा दिसेल ती त्याला देतो आणि मग पुढच्या उमेदवाराकडे वळतो. आपली पाळी येते तेव्हा आपण एखादी जागा पहिल्या ओळीवर मागितली की तिसाव्या, याने तिच्यावरचा आपला हक्क तसूभरही बदलत नाही. ती शिल्लक आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. म्हणून ‘पहिली पसंती वाया जाईल’ ही भीती निराधार आहे. यादी इच्छेच्या क्रमाने लिहावी, शक्यतेच्या क्रमाने नव्हे. गेल्या वर्षीचे शेवटचे क्रमांक जरूर पाहावेत, परंतु ते यादी किती लांब ठेवायची हे ठरवण्यासाठी, क्रम लावण्यासाठी नव्हे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण माझे एक वर्ष यातच गेले. पहिल्या प्रयत्नात मेडिसिन मिळणार नाही असे मीच गृहीत धरले आणि दुसऱ्या फेरीत मनाला न पटणारी, पण ‘नक्की मिळेल’ अशी जागा यादीत सर्वांत वर ठेवली. ती मिळाली. नंतर निकालाच्या यादीत पाहतो तो माझ्या मागच्या क्रमांकाच्या उमेदवाराला मला हवी असलेली मेडिसिनची जागा मिळालेली होती, आणि ती माझ्या यादीत आठव्या ओळीवर पडून होती. मिळालेल्या जागेवर रुजू होण्याचे मन झाले नाही. घरात आईला हे समजावून सांगणे मला त्या परीक्षेपेक्षा जड गेले.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पुढच्या फेरीत श्रेणीवाढ (हातातल्या जागेऐवजी अधिक पसंतीची जागा) मागितली आणि वरची जागा मिळाली, तर हातातली आधीची जागा आपोआप रद्द होते. म्हणून हातातल्या जागेपेक्षा खरोखर अधिक हवी असलेलीच नावे त्या यादीत असावीत, आणि जेथे आपण कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही, ते नाव यादीत नसावेच. कोणत्या फेरीपर्यंत जागा विनादंड सोडता येते आणि कोणत्या फेरीपासून अनामत रक्कम जप्त होते, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचावे. मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता गोव्यापुरते. सरकारी महाविद्यालयातील पदव्युत्तर जागांपैकी 50 टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या फेऱ्यांतून भरल्या जातात. आपले राज्य लहान असल्याने अनेक शाखांतील जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतात, आणि त्यामुळे ‘गेल्या वर्षी अमुक क्रमांकाला मिळाली होती’ या वाक्याला येथे फारसा अर्थ उरत नाही. एका विद्यार्थ्याने मत बदलले तरी तो आकडा कितीतरी खाली-वर होतो. शिवाय जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की पदव्युत्तर वैद्यकीय जागांसाठी केवळ राज्यातील रहिवासाच्या आधारावर आरक्षण ठेवता येणार नाही. त्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्यांना मर्यादित प्राधान्य मात्र देता येते. आपण गोमेकॉचे विद्यार्थी असल्याने या फरकाचा आपल्याशी थेट संबंध आहे. तरीही एकट्या गोव्यावर भिस्त ठेवू नये. अखिल भारतीय आणि राज्याच्या, अशा दोन्ही समुपदेशनांत नाव नोंदवावे. एम्स, जिपमर, चंडीगडचे पीजीआय, निम्हान्स यांसारख्या संस्थांसाठी वर्षातून दोनदा होणारी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा असते, तीही द्यावी.

परीक्षेविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मार्गदर्शन करणारे पुष्कळ आहेत. प्रश्न 200, वेळ साडेतीन तास, बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला 1 गुण वजा. 2025 च्या परीक्षेत प्रश्नपत्रिका 40 प्रश्नांच्या पाच भागांत विभागलेली होती, प्रत्येक भागाला 42 मिनिटे होती आणि संपलेल्या भागाकडे परत जाता येत नव्हते. त्यामुळे ‘अवघड प्रश्न शेवटी पाहू’ ही आपल्याला दहावीपासून लागलेली सवय येथे कामाची नाही, आणि सराव 42 मिनिटांचे गजर लावूनच करावा. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उत्तर अवश्य द्यावे: अशा दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो, म्हणजे 4 मिळतात आणि 1 जातो. असे प्रश्न कोरे सोडून येणारी हुशार मुले मी दरवर्षी पाहतो.

ज्या काळाकडे विद्यार्थी सर्वाधिक दुर्लक्ष करतात, तो आंतरवासितेचा काळ. वर्षभर सही करून ग्रंथालय गाठायचे, हा आता जवळजवळ शिरस्ता झाला आहे आणि तो मला मनापासून चुकीचा वाटतो. शाखा निवडण्यासाठी लागणारी माहिती पुस्तकात नसते, ती याच बारा महिन्यांत मिळते. सांताक्रुझच्या नागरी केंद्रात आणि मंडूरच्या ग्रामीण केंद्रात रुग्ण शांतपणे बोलतो, तेथे ऐकून घेण्याची आवड आपल्यात आहे की नाही ते कळते. कॅज्युअल्टीत पेडण्याहून, सत्तरीहून, सावंतवाडी-दोडामार्गहून आणि कारवारहूनही रुग्ण येतात, तेथे घाईत डोके शांत राहते की नाही ते कळते. एखाद्या शाखेची पारख करताना विभागप्रमुखांची ओपीडी पाहू नये. पहाटे चार वाजता पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर काय करतो आहे ते पाहावे आणि तेच काम आपण तीन वर्षे करू शकू का, असे स्वतःला विचारावे. प्रत्येक शाखेत कंटाळवाणे काम असतेच. रेडिओलॉजीत अंधाऱ्या खोलीत एकामागून एक अहवाल असतात, मेडिसिनमध्ये न संपणारे राऊंड असतात, भूलशास्त्रात तासन्‌तास मॉनिटरवर नजर असते. ज्या शाखेतील कंटाळा आपल्याला सोसवतो, ती शाखा बहुधा आपली असते. मानसोपचाराचा विचार मनात असेल तर बांबोळीलाच त्याची स्वतंत्र संस्था आहे; तेथे काही दिवस मनापासून काम करावे आणि मगच शेजाऱ्यापाजाऱ्यांची मते ऐकावीत.

इस्पितळाची निवडही शाखेइतकीच पारखून करावी. यादीतील प्रत्येक नावासाठी तेथे सध्या पहिल्या वर्षात असलेल्या निवासी डॉक्टरला फोन करावा आणि नेमके प्रश्न विचारावेत: आठवड्याला किती ड्युट्या लागतात, विद्यावेतन वेळेवर मिळते का, वसतिगृहात खोली आहे का, स्वतःच्या हाताने किती काम करू देतात, गेल्या दोन वर्षांत किती जण जागा सोडून गेले, बंधपत्र (शिक्षणानंतर ठरावीक काळ सेवा देण्याची लेखी हमी) किती वर्षांचे आणि किती रकमेचे आहे. कामाच्या तासांचा प्रश्न विचारण्यात कमीपणा मानू नये. 1992 च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी सर्वसाधारणपणे 12 तासांपेक्षा अधिक नसावी असे म्हटले होते, आणि 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा व एक साप्ताहिक सुटी सुचवली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे पाळले जात नाही. म्हणूनच विचारायचे.

क्रमांक मध्यम आला तर डीएनबीचा, म्हणजे मान्यताप्राप्त इस्पितळांत शिकून मिळणाऱ्या पदव्युत्तर पात्रतेचा, मार्ग मोकळ्या मनाने पाहावा. ती पात्रता एमडी-एमएसच्या बरोबरीची मानली जाते, आणि रुग्णसंख्या चांगली असलेल्या इस्पितळातील डीएनबी मी नावाजलेल्या पण ओस पडलेल्या खासगी महाविद्यालयातील एमडीपेक्षा वर ठेवीन. अभिमत विद्यापीठांतील महागड्या जागेसाठी वडिलांनी बागायत गहाण टाकावी, असे मला वाटत नाही. विद्यावेतनातून ते कर्ज फिटत नाही आणि त्याचे ओझे पुढे आपल्या प्रॅक्टिसवर, पर्यायाने रुग्णावर पडते. ‘जागा मिळवून देतो’ असा कोणाचा फोन आला तर तो तेथेच बंद करावा. समुपदेशनाबाहेरून प्रवेश वैध ठरत नाही, आणि पैसे परत मिळत नाहीत.

एक काम मात्र आजच हाती घेण्यासारखे आहे. आपण इतर मागासवर्गीय प्रवर्गातून अर्ज करणार असाल, तर अखिल भारतीय कोट्यातील 27 टक्के आरक्षणासाठी जात केंद्राच्या सूचीत असावी लागते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातीलच लागतो. राज्याच्या सूचीचा दाखला तेथे चालत नाही, आणि हे अनेकांना कागदपत्रे तपासणाऱ्याच्या टेबलासमोर उभे राहिल्यावर समजते. अंतिम वर्षाच्या परीक्षेची गडबड सुरू होण्यापूर्वी आपला दाखला कोणत्या नमुन्यातील आहे ते पाहून घ्यावे. प्रवर्ग, सध्याचा कल आणि मनात असलेल्या दोन-तीन शाखा येथे कळवल्यास यादीच्या क्रमाविषयी अधिक नेमके लिहीन.