प्रिंट कशी आहे?

ऑपरेटरच्या केबिनमधून : वाचकांचे प्रश्न

(सांगली जिल्ह्यातल्या एका एकपडदा थिएटरात मी १९९१ ते २०२२ ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे कॉम्प्युटरचा नव्हे, पिक्चर दाखवणारा. या वेळी आलेली बरीच पत्रं पिक्चरच्या चोरीबद्दल आहेत, म्हणून तीच घेतो.)

काका, थिएटरात मोबाइलवर शूट केलेला पिक्चर नेटवर आला की तो कुठल्या थिएटरातून गेला हे शोधता येतं म्हणे. एकच पिक्चर हजार ठिकाणी लागलेला असतो, मग कसं कळतं?
— इयत्ता नववी, मिरज

पिक्चर एकच, पण पडद्यावर पडताना तो प्रत्येक ठिकाणी जरासा वेगळा असतो. पिक्चर साठवून प्रोजेक्टरला पुरवणारा कॉम्प्युटर म्हणजे आमचा सर्व्हर. त्यात मीडिया ब्लॉक नावाचा भाग असतो. कुलूपबंद पिक्चर तोच उलगडतो आणि उलगडता उलगडता चित्रात एक आकडा मिसळतो. कुठे किंचित उजेड जास्त, कुठे कमी. डोळ्याला पत्ता लागत नाही. पण चोरलेल्या कॉपीतल्या अनेक फ्रेम एकत्र तपासल्या की सॉफ्टवेअर तो आकडा बाहेर काढतं. मोबाइल तिरका धरला, कॉपी फिकी पडली, तरी आकडा टिकावा अशीच त्याची रचना असते. आवाजातही अशीच खूण असते.

तू नववीत आहेस, तर गणित करून बघ. खूण ३५ बिटांची, बिट म्हणजे ० किंवा १. त्यातले १९ बिट यंत्राच्या ओळखीसाठी, म्हणजे ५,२४,२८८ यंत्रं वेगवेगळी ओळखता येतात. उरलेले १६ वेळेसाठी. वेळ पाव-पाव तासाने मोजतात : तासाला ४, दिवसाला ९६, लीप वर्षाला ३५,१३६. सोळा बिटांत ६५,५३६ आकडे मावतात, म्हणजे वर्ष आरामात बसतं. ही सगळी खूण दर ५ मिनिटांच्या तुकड्यात पूर्ण यायलाच हवी असा नियम आहे, त्यामुळे चोराने सुरुवातीच्या पाट्या आणि शेवट कापून टाकला तरी काही बिघडत नाही.

रिळांच्या काळातही खुणा होत्या. कोडॅकने १९८२ मध्ये काढलेल्या पद्धतीत प्रत्येक प्रिंटवर बारीक ठिपक्यांची वेगळी नक्षी असायची. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका चमकायचा तो मात्र हा नव्हे. तो आमच्यासाठी होता. पहिला दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसरा दिसला की चेंजओव्हर, म्हणजे पिक्चर त्या मशीनवर घ्यायचा. मध्ये जेमतेम सात सेकंद. त्या सात सेकंदांत मी कधी शिंकलोसुद्धा नाही.

पण एक लक्षात ठेव. ही खूण चोरी अडवत नाही, फक्त पंचनामा करते. थिएटर सांगते, पाव तास सांगते, माणूस नाही सांगत. मग कॅमेऱ्याच्या कोनावरून खुर्चीचा अंदाज बांधायचा, सीसीटीव्ही बघायचा. आणि त्या आधी पोलीस कुणाला बोलावतात? ऑपरेटरला.

शुक्रवारी पहिल्या शोला आम्ही पाऊण तास ताटकळलो. मॅनेजर म्हणाले, "चावी आली नाही." पिक्चरला कसली चावी?
— एक वाचक, विटा

तुमचा राग मला समजतो, कारण तशा रागाला मी समोरासमोर तोंड दिलेलं आहे.

पूर्वी पिक्चर पत्र्याच्या पेटीतून यायचा. गुरुवारी रात्री एसटी स्टँडवर जाऊन "पेटी आली का?" विचारायचं, एवढंच काम. पेटी उघडली की पिक्चर आपलाच. आता हार्डडिस्क येते किंवा पिक्चर उपग्रहावरून उतरतो, पण तो १२८ बिटांच्या कुलपात बंद असतो. तसाच चालवायला गेलात तर काहीच दिसत नाही. त्याची चावी वेगळी, ईमेलने येते. बोलीत आम्ही तिला केडीएम म्हणतो. ती एकाच सर्व्हरसाठी बनवलेली असते आणि तिच्यावर 'या वेळेपासून या वेळेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. शेजारच्या थिएटरला दिली तरी त्यांना उपयोग नाही, आणि वेळ संपली की आम्हालाही नाही. वितरकाशी पैशाचा हिशेब अडला की चावी उशिरा येते. तुमचं कदाचित तसंच झालं असेल.

माझं वेगळं झालं. २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली. वीजबिल वाचावं म्हणून आमच्याकडे मेन स्विचच काढून ठेवला. नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली. मी झाडलोट केली, प्रोजेक्टरच्या काचा पुसल्या, नारळ फोडला. चावी वेळेत आली होती. सर्व्हर मात्र ती घेईना. दुपारी कळलं, मीडिया ब्लॉकमधली बटणाएवढी बॅटरी बंद काळात संपली होती. सर्व्हरची स्वतःची गुप्त ओळख त्याच बॅटरीवर जिवंत राहते. ती गेली की यंत्र आपलं नाव विसरतं, आणि त्याच्या नावाने आलेलं कुठलंच पत्र त्याला उघडता येत नाही. कुणी यंत्र फोडून चोरी करू नये म्हणून केलेली ही सोय. आमच्याकडे चोर कुणीच नव्हता, पन्नास टक्के प्रेक्षकांची परवानगी होती आणि खाली तीस-पस्तीस माणसं आली होती. बाल्कनीतले एक आजोबा केबिनच्या दाराशी येऊन म्हणाले, "अरे, स्टँडवर डुप्लिकेट किल्ल्या करून देणारा बसतो, बोलावू का?" पैसे परत दिले. ब्लॉक बदलायला पाच दिवस गेले.

ओटीटीवर पिक्चर लावून स्क्रीनशॉट घेतला तर काळा का येतो?
— एक महाविद्यालयीन वाचक, पनवेल

पिक्चरचं चित्र फोनच्या बंद कप्प्यातून थेट पडद्यावर जातं, स्क्रीनशॉट घेणाऱ्याला तो कप्पा उघडता येत नाही. दुसऱ्या फोनने समोरून शूटिंग केलंत तर मात्र चित्र येईल. त्यावरही खूण करायची सोय काही सेवांकडे आहे. पिक्चरच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन आवृत्त्या, अ आणि ब, आणि प्रत्येक ग्राहकाला त्यांची वेगळी साखळी. नुसत्या तीस तुकड्यांत १०७ कोटींहून जास्त साखळ्या होतात.

मुलाने टेलिग्रामवरून नवा मराठी पिक्चर आणला. म्हणाला, "आई, प्रिंट मस्त आहे." हा गुन्हा आहे का? आमच्या गावचं थिएटर तर कधीच बंद पडलं.
— एक गृहिणी, सोलापूर जिल्हा

ताई, 'प्रिंट मस्त आहे' हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. ज्याने वर्षानुवर्षं खऱ्या प्रिंटवरचे ओरखडे मोजले, त्याला हा शब्द चोरीच्या मालाला चिकटलेला बघवत नाही.

आता कायदा. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून शूटिंग करणं किंवा तशी कॉपी लोकांना दाखवणं याला तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. धोकादायक माणसांना स्थानबद्ध करण्याच्या आपल्या राज्याच्या एमपीडीए कायद्यात तर व्हिडिओ पायरेट्स हातभट्टीवाले आणि वाळूतस्कर यांच्या पंगतीला बसवलेत. तुमच्या मुलाला कुणी त्या पंगतीत बसवणार नाही, पण तो पिक्चर पुढे पाठवू नका, एवढं त्याला बजावा.

आणि खरंच मस्त असलेली कॉपी खुर्चीत बसून शूट केलेली नसते, ती आतून गेलेली असते. २०१६ च्या जूनमध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी नेटवर आला, तेव्हा कॉपीच्या कोपऱ्यात 'फॉर सेन्सॉर' अशी अक्षरं होती. एवढ्या चाव्या, बॅटऱ्या, बिट आम्ही सांभाळायचे आणि पिक्चर आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच निघून जायचा.

थिएटर बंद पडलं त्याचं उत्तर कुलपात नाही, हे मला मान्य आहे. आमच्या थिएटरसमोर एक गाडीवाला चोरीच्या सीड्या विकायचा, पन्नासला तीन. पोलीस आले की चादर गुंडाळून पसार. २००७ च्या सुमाराला मोजर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणली. महिनाभरात त्याच चादरीवर त्या दिसायला लागल्या. मी विचारलं, "काय रे, सुधारलास?" तो म्हणाला, "तसं नाही ओ ऑपरेटर. ओरिजनल घेतलेलं गिऱ्हाईक परत भांडायला येत नाही."