शिकून दारोदार फिरायचं का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. (मायक्रोबायोलॉजी) झाली. एका एजन्सीकडून आरोग्य सर्वेक्षणाचं काम आलंय. घरोघरी जाऊन रक्त, बी.पी., उंची-वजन घ्यायचं, तेही थोडे महिनेच. भाऊबंद म्हणतात, शिकून दारोदार फिरायचं का? पाठवू का?
– एक पालक, शिरपूर तालुका

उत्तर : दादा, पाठवा. फक्त याला कायमची नोकरी समजू नका.

अंगात रक्त किती, हे विचारून कळत नाही. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला थकवा येतो का विचारलं तर 'तो रोजचाच' म्हणेल. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ च्या फेरीपासून हिमोग्लोबिन मोजू लागले. २०१५-१६ ला बी.पी. आणि साखर आली. पंचेचाळिशीपुढच्यांच्या 'लासी' सर्वेक्षणात तर हाताची पकडही मोजतात.

यात कसब लागतं. बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा. बोट पिळून रक्त काढलं तर अंगातलं पाणी मिसळतं नि आकडा चुकतो. बी.पी. तीनदा, मध्ये थांबून. दोन वर्षांखालच्या मुलाची उंची त्याला आडवं ठेवून मोजायची. काही तपासण्यांसाठी रक्ताचे थेंब खास कागदावर घेतात; ते नीट वाळले नाहीत, तर प्रयोगशाळेत कामाचे नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात किट उन्हात ठेवणारी मुलं मी पाहिलीत. त्या रीडिंगवर मी तरी विसंबणार नाही.

त्याहून अवघड आहे ती संमती. म्हातारी 'रगत कसाले लेतस?' विचारणारच. तिला अहिराणीत पटेल असं सांगता आलं पाहिजे, आणि ती नाही म्हणाली तर गुपचूप उठता आलं पाहिजे. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, भिली येणारं कुणी सोबत हवं.

पुढचं मुलीलाच ठरवू द्या. तपासणीत रमली तर डी.एम.एल.टी., म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका. आकड्यांत रमली तर मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ ची. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच चालवते. तिथे लोकसंख्याशास्त्र आणि जैवसांख्यिकी, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र, शिकवतात. तिनं गणित विषय सोडला असेल, तर अर्जाआधी पात्रता बघा. रक्त कसं घेतलं हे पाहिलेल्या माणसाला तक्त्यातला विचित्र आकडा लवकर खटकतो, म्हणून हे थोडे महिने वाया जाणार नाहीत.

होकाराआधी एजन्सीकडून लेखी घ्या : मुक्काम कुठे, टीममध्ये बायका किती, मानधन कधी, सुई टोचली तर दवाखाना कोण बघणार. हिपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर पहिला डोस आताच द्या. तिन्ही डोस व्हायला सहा महिने लागतात.