न्यू जर्सीत अंगणातल्या स्पायरिया या फुलझुडपाला पानं भरपूर पण फुलंच नाहीत, दर मार्चमध्ये छाटतो, ते चुकतंय का?

हो, बहुतेक छाटणीच नडतेय. पांढऱ्या फुलांचा, फांद्या कमानीसारख्या झुकणारा व्हॅनहौटे स्पायरिया असेल तर त्याच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर आधीच धरलेल्या असतात, मार्चमध्ये कात्री चालवली की त्या सालची फुलं गेली कचऱ्यात. त्याला बहर ओसरला की लगेच, म्हणजे साधारण जूनमध्ये छाटा, आणि प्लीज वरून हजामत केल्यासारखं गोल गोल नको, बघायलाही वाईट दिसतं. सगळ्यात जाड, करड्या सालीच्या जुन्या फांद्या शोधून त्यातल्या एक तृतीयांश पार जमिनीलगत कापायच्या, खालून नवे फुटवे येतात. फोर्सिथिया, लायलॅक या वसंतात फुलणाऱ्या झुडपांनाही बहरानंतरच छाटायचं.

गुलाबी फुलांचा बुटका जपानी स्पायरिया, गोल्डफ्लेम वगैरे जातींचा, मात्र उलटा, तो नव्या फुटीवर उन्हाळ्यात फुलतो, त्याला मार्चमध्ये खुशाल अर्ध्यावर आणा, आणि सुकलेले गुच्छ लगेच कापले तर परत थोडा बहर येतो, शिवाय बी पडून इकडेतिकडे उगवत नाही.

ऊन निदान सहा तास हवं. लॉनचं नायट्रोजनवालं खत मुळाशी जात असेल तर तेही थांबवा, त्यानं नुसती पानं माजतात.