रॉटवायलरचं पिल्लू आणलंय, घरात पहिलाच कुत्रा आहे. सुरुवात कशी करावी?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: इंदूरला सुदामानगरात स्वतःचं घर, घरात आई-बाबा, तुम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि आता अडीच महिन्यांचा रॉटवायलर. याआधी घरात कुत्रा कधी नव्हता. पिल्लू हातापायांना चावतंय, वाटीजवळ कोणी गेलं की गुरगुरतंय. मामा म्हणतात गच्चीवर बांधा आणि कच्चं मटण द्या, म्हणजे कडक होईल. आई म्हणतात आत्ताच परत देऊन टाका. आणि ट्रेनर लावायचा का, हा शेवटचा प्रश्न.

मीही इंदूरचीच, टिळकनगरला राहते. आमच्याकडे सध्या मैना आहे, ही आमची दुसरी रॉटवायलर. आईंना सांगा, अडीच महिन्यांचं पिल्लू चावतं आणि गुरगुरतं म्हणून ते वाईट निघालं असं अजिबात होत नाही. मामांचं मात्र ऐकू नका, दोन्ही बाबतींत. कच्च्या मांसानं कुत्रा हिंस्र होतो ही निव्वळ समजूत आहे. गच्चीवर एकट्या बांधलेल्या कुत्र्याला दिवसभर खालची माणसं दिसत राहतात, पण ओळख कुणाशीच होत नाही. साखळी असल्यामुळे भीती वाटली तरी लांब जाता येत नाही, मग तो भुंकून आणि अंगावर जाऊन माणसांना लांब ठेवायला शिकतो. असा कुत्रा एक दिवस साखळी निसटून खाली आला, तर पहिला समोर येईल तो पोस्टमन असेल किंवा शेजारचं मूल.

हे कुत्रे मूळचे जर्मनीतल्या रॉटवाइल गावचे. तिथल्या खाटकांची गुरं हाकायची, गाड्या ओढायच्या, मालाची राखण करायची, ही यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कामं. जर्मनीतला या जातीचा मुख्य क्लब १९२१ साली स्थापन झाला, तेव्हापासून निवड होत आली ती धीट, शांत डोक्याच्या आणि माणसाबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांची. म्हणजे राखण त्याच्या रक्तातच आहे. वर्ष-दीड वर्षाचा झाला की ती आपोआप दिसायला लागते, त्यासाठी काहीही करावं लागत नाही. कोणी आलं की "छू" म्हणून अंगावर सोडण्याचा खेळ तर चुकूनही खेळू नका. त्याला शिकवायला लागतं ते दुसरंच: घरी येणारी-जाणारी माणसं, लहान मुलं, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, हे सगळं रोजचंच आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढं त्याच्या मनात पक्कं बसलं की पुढची निम्मी काळजी मिटते.

आणि हे शिकवायला वेळ थोडा आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. त्यानंतर नवीन दिसलं की आधी संशय येतो. तुमच्या हातात जेमतेम महिना आहे.

इथे एक अडचण येते. डॉक्टर सांगतात लस पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका, आणि त्यांचं बरोबर आहे. पार्व्होची, म्हणजे उलट्या आणि रक्ताचे जुलाब होणाऱ्या जीवघेण्या रोगाची लागण रॉटवायलरच्या पिल्लांना जास्त आणि जास्त जोरात होते, आणि तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून रस्त्यावरची कुत्री फिरतात त्या जमिनीवर आत्ता त्याला ठेवायचं नाही, घरातल्यांनी चपला बाहेर काढायच्या. पण मांडीवर घेऊन ओटल्यावर बसायला काय हरकत आहे? गाडीत घेऊन छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीजवळ दहा मिनिटं काच खाली करून थांबा. शाळेच्या रिक्षा, मंदिराची घंटा, भाजीवाल्याची आरोळी, सगळं लांबून दिसू द्या, ऐकू द्या, आणि प्रत्येक नव्या गोष्टीला तोंडात एक छोटा तुकडा. त्यानं अंग चोरलं किंवा खाणं नाकारलं तर आपण फार जवळ आलोय, थोडं मागे व्हा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या) मिरवणुकीला आणि रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, त्याला राजवाड्याकडे नेऊ नका, मोठा झाल्यावरही नाही. ढोल-ताशाचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून जेवताना ऐकवत राहा, म्हणजे मिरवणूक गल्लीतून गेली तरी घरात निवांत बसेल.

पिल्लांच्या लसीचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी संपवू नका. या जातीत बरेच डॉक्टर विसाव्या आठवड्याच्या सुमाराला आणखी एक देतात, विचारून घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध आणि गोचिडांसाठीचं औषध वजनाप्रमाणे बदलत जातं, त्यामुळे दर वेळी वजन करूनच घ्या. आपल्याकडे गोचीड ताप भरपूर आहे. कुत्रा सुस्त झाला, जेवण सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

आता वाटी. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक घरांत बिघडतं. पिल्लू गुरगुरलं की कोणीतरी वाटी ओढून घेतं, "मालक कोण ते कळू दे" म्हणून. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणूस जवळ आला की जेवण जातं. याच्या उलट करायचं. तो जेवत असताना चार पावलांवर उभ्या राहा. उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा तुकडा वाटीच्या दिशेनं टाका आणि निघून जा. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी तसंच, मग हळूहळू एक पाऊल जवळ. त्याची मान बघत राहा: तुम्ही जवळ आल्यावर मान ताठ होऊन खाण्याचा वेग वाढला, डोळ्यांचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसायला लागला, तर तुम्ही घाई केलीत. काही दिवसांनी पावलांची चाहूल लागताच तो वाटीतून तोंड वर काढून शेपूट हलवत तुमच्या हाताकडे बघायला लागतो. तो क्षण आला की वाटीत हातानं तुकडा ठेवा. हे आई-बाबांनीही करायचं. मुलीनं मात्र नाही. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ मुलीनं जायचंच नाही, हा घराचा नियम ठेवा.

गुरगुरल्याबद्दल त्याला कधी मारू नका, ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार खाऊन बंद झाली तर पुढे तो सूचना न देता चावेल, आणि तेव्हा तो पन्नास किलोचा असेल. अजून एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: बरेचसे रॉटवायलर लाडात आले की घशातून घुर्र घुर्र आवाज काढतात. मैना तर पाठ खाजवली की अंगाचा सगळा भार आमच्या पायांवर टाकून हा आवाज सुरू करते, पाहुण्यांच्या तोंडचं पाणी पळतं. अंग सैल, तोंड किंचित उघडं, शेपूट ढिली असेल तर ते लाड. अंग ताठ, तोंड बंद, नजर रोखलेली असेल तर तो सांगतोय की लांब राहा.

चावण्याचं म्हणाल तर सगळीच पिल्लं चावतात, आणि चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागले की आणखी वाढेल. सहा-सात महिन्यांपर्यंत कमी होतं. दात लागला की खेळ तिथेच थांबवा, उठून दुसऱ्या खोलीत जा, मिनिटाभरानं परत या. किंकाळी नको, थोबाडीत नको, तोंड दाबून धरणं नको. हाताऐवजी चावायला काहीतरी द्या: ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवलेलं, थंड गाजर. संध्याकाळी सहा-सातला अंगात वारं शिरल्यासारखा धावत सुटून चावत असेल तर तो बहुतेक दमलाय. या वयात दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते, आणि भरल्या घरात त्याला कोणी झोपू देत नाही. शांत कोपऱ्यात त्याची जागा ठरवा, तिथे त्याला कोणीही उठवायचं नाही.

मुलगी आणि कुत्रा, दोघंच एका खोलीत कधीच नको. आत्ता तो तिच्या मांडीवर मावतो, सहा महिन्यांचा होईल तेव्हा तीस किलोच्या आसपास असेल आणि खेळता खेळता तिला पाडेल. तिला पिल्लापासून दूर ठेवू नका, पण मोठं माणूस जवळ हवं. अंगावर बसणं, मिठी मारून दाबणं, कान ओढणं बंद. "बस" म्हणून त्याला बसवणं आणि खाऊ देणं हे तिचं काम करा, दोघांनाही आवडेल.

बेल वाजली की काय करायचं तेही आत्ताच ठरवा. तो दारापासून लांब आपल्या जागेवर जाऊन बसतो, मग खाऊ मिळतो, मग दार उघडतं. पाहुण्यांनी आल्या आल्या त्याच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही. दहा मिनिटांत तो स्वतः येऊन हुंगेल. आपल्या घरांत सणावारी एकदम वीस माणसं येतात, तेव्हा त्याला मागच्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा, त्यात त्याचा अपमान होत नाही.

घर शाकाहारी असेल तर आधीच विचार करून ठेवा. दूध-पोळी आणि दहीभातावर हा कुत्रा वाढत नाही, गाईच्या दुधानं पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं आणा, त्याची वाटी आणि डबा वेगळा ठेवा, ओट्यावर काही शिजवायला लागत नाही. आत्ता दिवसातून चार वेळा, चार महिन्यांनंतर तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. आईंना दोन गोष्टी नक्की सांगा: सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि पोह्यातला कांदा कुत्र्याला विषारी आहे. चॉकलेट आणि आपल्या तापाच्या गोळ्याही.

आणि कॅल्शियम. दुकानदार बाटली हातात देईलच, "हाडं मजबूत होतील" म्हणून. घेऊ नका. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम शोषणं थांबवता येत नाही, त्यानं हाडं आणि सांधे बिघडतात. चांगल्या तयार खाण्यात ते पुरेसं असतं. या जातीत खुब्याचे आणि कोपराचे सांधे आधीच नाजूक, म्हणून पिल्लू गुटगुटीत दिसावं हा हट्ट सोडा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, तिथे रबरी चटया टाका. तीन महिन्यांपर्यंत जिना उचलूनच चढवा-उतरवा. ॲक्टिव्हाच्या मागे पळवणं दीड वर्षापर्यंत विसरा. पाठीनं वाकून चालत असेल, उठताना त्रास होत असेल तर एक्स-रे काढा. आपल्याला महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

एप्रिल-मेमध्ये काळ्या कुत्र्याला ऊन सोसत नाही. सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावरच फिरवा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवून बघा, तुम्हाला टेकवत नसेल तर त्याचे पंजे भाजतील. धापा टाकणं थांबत नसेल, लाळ चिकट झाली असेल, तोल जात असेल तर साध्या पाण्यानं भिजवा, पंखा लावा आणि तसेच दवाखान्यात न्या.

बंदीबद्दल शेजारी घाबरवतील. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पण निष्काळजीपणे सोडलेल्या जनावरानं कुणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महापालिकेत नोंदणी करा, बाहेर पट्टा हातातच ठेवा, घाण उचलायची पिशवी खिशात. जाळीच्या मुसक्याची सवयही आत्ताच लावा, आत खाऊ ठेवून. पुढे दवाखान्यात उपयोगी पडतं.

आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत तो ऐकेनासा होईल, इतर कुत्र्यांवर धावेल. लोक याच वयात यांना सोडून देतात. तेव्हा रोजचा सराव वाढवायचा, कमी करायचा नाही.

ट्रेनर लावा, पण निवडून. त्याला दुसऱ्या कुत्र्याबरोबर काम करताना आधी बघा. कुत्रा त्याच्याकडे शेपूट हलवत जातोय की अंग चोरून, एवढं बघितलं तरी पुरे. आवळणारी साखळी, काटेरी पट्टा, मारणं असेल तर तिथूनच परत या. "दोन महिने माझ्याकडे ठेवा, तयार करून देतो" म्हणणाऱ्याकडेही ठेवू नका; कुत्रा त्याचं ऐकायला शिकेल, तुमचं नाही. आठवड्यातून एकदा घरी येऊन तुम्हाला सगळ्यांना शिकवणारा हवा. पहिल्या तासाला आईंना बसवाच. त्यांच्या हातून त्यानं एकदा "बस" म्हटल्यावर बसून खाऊ घेतला की परत देण्याचा विषय त्या पुन्हा काढतील असं मला वाटत नाही.