जुना 'स्कँडिनेव्हियन' साइडबोर्ड घेताना, राखताना आणि विकताना

तुम्ही विचारलंय की सागाचा एक लांब, बुटका साइडबोर्ड (भांडीकुंडी ठेवायचं दारं-ड्रॉवरचं कपाट) मिळतोय, विकणारा तो '1960च्या आसपासचा, स्कँडिनेव्हियन' असल्याचं सांगतोय. तो घ्यावा का, घासून नव्यासारखा करावा का, आणि पुढे विकला तर पैसे सुटतील का. मी बरीच वर्षं अशा वस्तू घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. तुमच्या तीन प्रश्नांतला मधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

घासू नका. निदान तो काय आहे हे कळेपर्यंत तरी पॉलिश पेपर हातात घेऊ नका.

त्या काळातल्या डॅनिश आणि स्वीडिश कपाटांचे रुंद भाग बहुतेक वेळा व्हिनिअरचे असतात. व्हिनिअर म्हणजे दुसऱ्या लाकडावर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ थर. ते स्वस्तातलं काम, असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. अखंड लाकडाची रुंद फळी हवेतल्या दमटपणाबरोबर फुगते आणि आक्रसते, मग कधी वाकते, कधी तडकते. म्हणून त्या सुतारांनी वरच्या फळीला आणि दारांना व्हिनिअर लावलं, आणि जिथे हात लागतो, ठेच बसते त्या कडा, पाय आणि मुठी भरीव सागाच्या केल्या. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पण तो थर फार पातळ असतो, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. सुरुवातीच्या दिवसांत मी एका साइडबोर्डवरचे पेल्यांचे पांढरे गोल डाग काढायला घासायचं मशीन लावलं. डाग गेले, आणि त्यांच्याबरोबर साग गेला. खालचं फिकट लाकूड तळहाताएवढं उघडं पडलं. ते परत आणता येत नाही. रंग लावून लपवता येतं, पण जाणकार माणूस तिरप्या उजेडात बघतो आणि त्याला लगेच दिसतं. त्या एका ठिगळाने साइडबोर्डची किंमत उतरली, आणि कित्येक वर्षं जपलेली वस्तू माझ्या हातून बिघडली याचं दुःख मला आजही आहे.

मग करायचं काय? कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण, पिळून घेतलेलं फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. निम्मा कळकटपणा एवढ्यानेच जातो. मग पृष्ठभाग तेलाचा आहे की लॅकरचा (वार्निशसारख्या कडक थराचा), हे दाराच्या आतल्या बाजूला तपासा. तेलाचा असेल तर सगळ्यात बारीक स्टीलवूल तेलात बुडवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, जास्तीचं तेल पुसून काढा. लॅकरवर तेल आत मुरत नाही, वरच चिकट राहतं, म्हणून तिथे हा उपाय करू नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता ओळख. समोरून सगळेच साइडबोर्ड देखणे दिसतात. खरी माहिती मागे, खाली आणि ड्रॉवरमध्ये असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यांत लाकडाचे दात एकमेकांत गुंतलेला डव्हटेल जोड आहे की नुसते खिळे ठोकलेत, ते पाहा. चांगल्या कामात ड्रॉवरच्या बाजू ओक किंवा बीचच्या भरीव लाकडाच्या असतात. पाठ बघा: ती समोरच्याच लाकडाने मढवली असेल तर तो साइडबोर्ड खोलीच्या मधोमध ठेवता यावा म्हणून केलेला आहे, आणि त्याला मागणी जास्त असते. पट्ट्यांची गुंडाळत सरकणारी दारं असतील तर ती शेवटपर्यंत सरकवून बघा. पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या असतात आणि ते कापड सुटलं की दुरुस्ती किचकट होते. बारीक गोल भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला, तर किडा अजून जिवंत आहे. तो घरात आणू नका.

शिक्का सापडला तर उत्तम. काही वस्तूंवर लाकडात डागलेलं निर्मात्याचं नाव असतं, काहींवर 'डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल' अशी गोल खूण. ही खूण गुणवत्तेची आहे, ती डिझायनरचं नाव सांगत नाही. यात अनेक जण गल्लत करतात. शिक्का नसला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, कागदी लेबलं केव्हाच गळून पडलेली असतात. तशीच ती खूण असलेली नुसती चकती असली म्हणून खरीही ठरत नाही, कारण चकती काढून दुसरीकडे बसवता येते.

'स्कँडिनेव्हियन' या शब्दाबद्दल मात्र मी काटेकोर आहे. त्या शैलीचं फर्निचर डेन्मार्कबाहेरही भरपूर झालं. ब्रिटनमधल्या जी-प्लॅन या फर्निचर कंपनीने 1962 मध्ये डॅनिश डिझायनर इब कोफोड-लार्सन यांच्याकडून एक मालिका करून घेतली. डिझाइन डॅनिश, कारखाना ब्रिटिश. यात वाईट काहीच नाही, वस्तू सुंदर आहेत. पण त्या 'डेन्मार्कमध्ये बनलेल्या' म्हणून विकणं म्हणजे फसवणूकच. खुर्च्यांमध्ये याहून वेगळा गुंता आहे. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नर यांची विशबोन खुर्ची 1949 साली रेखाटली गेली आणि कार्ल हान्सन अँड सन ही कंपनी ती 1950 पासून आजही बनवते; तिच्या बैठकीला सुमारे 120 मीटर कागदी दोरी हाताने विणली जाते. म्हणजे अस्सल खुर्ची 60 वर्षांपूर्वीचीही असू शकते आणि गेल्या महिन्यातलीही. शिवाय नकला आहेतच. 'अस्सल' आणि 'जुनी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, विकणाऱ्याला दोन्ही वेगवेगळे विचारा.

तुमचा साइडबोर्ड सागाचाच आहे ना, याचीही खात्री करा. काळपट, जांभळट झाक आणि ठळक गडद रेषा असतील तर तो रोजवूडचा, म्हणजे आपल्या शिसवीच्या भावकीतल्या लाकडाचा असू शकतो. तेव्हा ब्राझीलचं रोजवूड खूप वापरलं गेलं आणि त्याला किंमतही जास्त येते. पण ते झाड 1992 पासून 'सायटिस' या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि 2017 पासून त्याच्या भावकीतली बाकीची झाडंही नियंत्रणाखाली आली. अशी वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात विकायची तर कागदपत्रं लागतात; नसतील तर ती जप्त होऊ शकते. सागाला या कराराची आडकाठी नाही.

किंमत ठरवताना जाहिरातींत मागितलेले आकडे बघू नका. कोपनहेगनचं ब्रून रासमुसेन किंवा स्टॉकहोमचं बुकोव्स्किस अशा लिलावगृहांत तशा वस्तू खरोखर किती किमतीला गेल्या, ते शोधा. त्या आकड्यात लिलावगृहाचं शुल्क धरलंय का, तेही पाहा. मोठ्या कपाटाच्या बाबतीत वाहतूकच नफा खाते, हे घेण्याआधी मोजा. पाय बऱ्याचदा फिरवून निघतात. ते काढून, स्क्रूंसकट वेगळे बांधा.

विकताना मी जाहिरात अशी लिहितो: मापं, लाकूड, शिक्का असल्यास त्याचा फोटो, केलेली दुरुस्ती, राहिलेले डाग. डिझायनर नक्की ठाऊक नसेल तर नाव घालत नाही. 'अमुकच्या धाटणीचा' असंही लिहीत नाही, कारण शोधणारा नाव वाचून येतो आणि 'धाटणी' हा शब्द नजरेआड करतो. दिवसाच्या उजेडात, दोष जवळून दाखवणारे फोटो टाकले की गिऱ्हाईक कमी येतात, पण आलेलं गिऱ्हाईक वस्तू परत करत नाही.

पैसे सुटतील का? निनावी पण चांगल्या बांधणीचा सागाचा साइडबोर्ड, पृष्ठभाग शाबूत असेल आणि घेताना भाव नीट लागला असेल, तर सहसा सुटतात. मोठा नफा नावाजलेल्या वस्तूंत असतो, आणि त्या ओळखायला नजर तयार व्हावी लागते. नुसत्या नफ्यासाठी घेणार असाल तर मी नाही म्हणेन. घरात वापरायला हवा असेल आणि पुढे कधीतरी विकाल, असा विचार असेल तर नक्की घ्या.

विकणाऱ्याला आजच पाठीचा, तळाचा आणि बाहेर काढलेल्या ड्रॉवरच्या कोपऱ्याचा फोटो मागा. आधी कोणी घासलाय का, हेही विचारा. वरच्या फळीची कड जवळून बघा: कडेशी रंग मध्येच फिकट झाला असेल, तर तिथला साग उडालेला आहे आणि भाव त्या हिशेबाने कमी करून मागा.